जजच्या नावापुढे पक्ष नको हे बरोबर, पण पैशाची वाट कोण बंद करणार?

तुमचा प्रश्न असा की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात सुप्रीम कोर्टाचे जज लोक निवडून देतात, मतपत्रिकेवर उमेदवारापुढे पक्ष लिहिलेला नसतो, पण कोण कुणाचा माणूस हे सगळ्यांना माहीत असतं, मग 2022 पासून ओहायो राज्य लिहितंय तसं सरळ लिहूनच का टाकू नये. मी इथे विस्कॉन्सिनमध्ये बरीच वर्षं मतदान करतोय आणि मला मनापासून वाटतं की लिहू नये.

पक्ष दिसला की लोक जजकडे बघतच नाहीत हो. टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत 2018 ला जजच्या 59 च्या 59 जागा एकाच पक्षाने घेतल्या, कारण तेव्हा तिथे एक खूण केली की वरपासून खालपर्यंत सगळी मतं त्या पक्षाला जायची. कोण कसं कोर्ट चालवतं याचा काही संबंधच नाही.

पण नुसतं लेबल काढून भागत नाही, आणि आपलं घोडं इथेच अडलंय. विस्कॉन्सिनमध्ये एका माणसाला उमेदवाराला थेट 20 हजार डॉलरच देता येतात, पण 2015 च्या कायद्यानंतर पक्षाला कितीही द्या, पक्ष ते उमेदवाराकडे हवे तेवढे वळवतो, दोन्ही पक्ष हेच करतात. 2025 ला एका जागेसाठी सगळा मिळून जवळपास 10 कोटी डॉलर खर्च झाला, एकट्या इलॉन मस्क आणि त्यांच्या गटांचा 2 कोटींच्या वर.

आणि ज्याने पैसे ओतले त्याचीच केस समोर आली तर? वेस्ट व्हर्जिनियात हेच झालं. मॅसी या कोळसा कंपनीविरुद्ध 5 कोटी डॉलरचा निकाल लागलेला, अपील यायचं होतं, तेवढ्यात 2004 च्या इलेक्शनमध्ये कंपनीच्या प्रमुखाने त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या एका उमेदवारासाठी 30 लाख डॉलर घातले, तो निवडून आला, केसमधून बाजूला व्हायला नाही म्हणाला आणि 3-2 ने कंपनी सुटली. शेवटी 2009 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्या जजने बसायलाच नको होतं, तेही 5-4 ने! आपल्याकडे विस्कॉन्सिनमध्ये 2017 ला 54 निवृत्त जजांनी अर्ज केला होता की अमुक रकमेवर देणगी असेल तर जजने बाजूला व्हावं असा नियम करा, तो आपल्याच सुप्रीम कोर्टाने 5-2 ने फेटाळला. मला याचा आजही राग येतो.

मिसुरी राज्याची पद्धत मला त्यातल्या त्यात बरी वाटते, 1940 पासून आहे, जज सुचवणारं कमिशन तीन नावं देतं, गव्हर्नर एक निवडतो, नंतर लोक फक्त ठेवायचं की नाही एवढं ठरवतात. तीही पूर्ण सुरक्षित नाही, अशाच मतदानात आयोवाने 2010 ला समलिंगी विवाहाच्या निकालावरून तीन जज घरी बसवले. तरी समोर उमेदवारच नसल्याने दर वेळी पैशाचा पूर येत नाही.

तेव्हा तुमच्या असेंब्ली मेंबरला पत्र लिहायचं असेल तर लेबलबद्दल लिहू नका, पक्षाकडून उमेदवाराला जाणाऱ्या पैशावर मर्यादा आणि देणगीदाराच्या केसमधून बाजूला होण्याचा नियम, हे दोनच मागा. आणि एप्रिलमध्ये जजसाठी मत देताना जाहिरातींवर जाऊ नका, उमेदवार आधी जज असेल तर त्याचे दोन-तीन निकाल काढून वाचा, आणि तो नेहमी ज्यांच्या बाजूने बोलतो त्यांच्याविरुद्ध त्याने कधी निकाल दिलाय का ते बघा.