परदेशी सेवेला निघताना घरची पॉलिसी बंद करू नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी ५२ वर्षांचा, मंडळीचा पाळक. मधुमेहाला अकरा वर्षं झाली, चार वर्षांपासून इन्सुलिन घेतो. सात महिन्यांनी परदेशातल्या एका मंडळीत पाच महिने सेवेला जायचं आहे. राहण्याजेवणाची सोय ती मंडळी करणार, पत्नी घरीच राहील. प्रवास विम्याच्या दोन पॉलिसी समोर आहेत, १८ हजारांची आणि ६२ हजारांची. एजंट म्हणतो, स्वस्तातली घ्या आणि फॉर्मवर साखरेचं लिहू नका. माझी ६ लाखांची ठेव आहे, ७ टक्क्यांची. ती मोडून महागडी घेऊ का? घरच्या आरोग्य विम्याचा २८ हजारांचा हप्ता प्रवासाच्या दुसऱ्या महिन्यात येतो. मी इथे नसणारच, म्हणून यंदा भरणार नाही, आल्यावर नवीन काढेन. इन्सुलिन तिकडे मिळेलच.

पाळकसाहेब, १८ की ६२ हे नंतर पाहू. आधी तो २८ हजारांचा हप्ता, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे होणार आहे आणि त्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही.

घरची पॉलिसी तुमच्या एकट्याची नाही, पत्नीही तिच्यात आहेत असं पत्रात पुढे लिहिलंय. म्हणजे तुम्ही तिकडे असताना इथे त्या विम्याविना राहणार. परत आल्यावर ‘नवीन काढेन’ म्हणता, पण तेव्हा तुम्ही ५३ वर्षांचे, इन्सुलिनवरचे नवे अर्जदार असाल. मधुमेह आणि त्यातून उद्भवणाऱ्या हृदय, मूत्रपिंड, डोळे, पाय यांच्या तक्रारींसाठी प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्या काळात त्यांचा खर्च विमा देत नाही तो, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला जाईल, आणि तो साधारण दोन-तीन वर्षांचा असतो. हप्ता वाढवून मागतील, कदाचित अर्जच नाकारतील. इतकी वर्षं हप्ते भरून जे पदरात पडलं, ते २८ हजारांसाठी घालवू नका. ६ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ४२ हजार होतं. हप्ता त्याहून कमीच आहे.

दुसरी गोष्ट एजंट सांगत नाहीत. प्रवास विमा तातडीच्या उपचारांसाठी असतो. तिकडे गंभीर आजारी पडलात, तर कंपनी प्रकृती स्थिर होईपर्यंत खर्च करते आणि मग तुम्हाला मायदेशी पाठवते. विमानतळावरून घरच्या रुग्णालयात दाखल झालात की प्रवास विम्याची जबाबदारी बहुधा तिथे संपते. पुढचे महिनाभराचे उपचार घरच्या पॉलिसीनेच करायचे असतात, आणि नेमकी तीच तुम्ही बंद केलेली असेल.

म्हणून हप्ता बँकेतून आपोआप वळता होईल अशी व्यवस्था करून जा आणि पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. हप्त्याची तारीख उलटल्यावर मिळणाऱ्या सवलतीच्या मुदतीवर विसंबू नका. त्या मुदतीत हप्ता भरला तर पॉलिसी चालू राहते, पण मधल्या दिवसांतल्या आजारपणाचा दावा बहुतेक वेळा मान्य होत नाही.

आता १८ आणि ६२. तुम्ही जोडलेली पत्रकं वाचली. १८ हजारांची पॉलिसी वर्षभराची दिसते, पण एका प्रवासाला ४५ दिवसांचीच मर्यादा आहे. तुम्ही १५० दिवस राहणार, म्हणजे १०५ दिवस उघड्यावर. दिवसाचा हिशेब करा: १८ हजार भागिले ४५ म्हणजे ४००, ६२ हजार भागिले १५० म्हणजे सव्वाचारशेच्या आत. स्वस्त पॉलिसी स्वस्त नाहीच. पाच महिन्यांच्या मुक्कामाला ही विकणं चूक आहे, आणि आजार लपवायला सांगणं त्याहून वाईट. दाव्याच्या वेळी कंपनी जुने कागद मागवते. डॉक्टरच्या पहिल्याच चिठ्ठीवर मधुमेह दिसला की दावा फेटाळला जातो, कधी कधी अपघाताचासुद्धा. या एजंटकडून दुसरं काहीही घेऊ नका.

६२ हजारांची घ्या, पण आधी कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्या. जाहीर केलेल्या मधुमेहासाठी कमाल रक्कम किती? बऱ्याचदा मोठी रक्कम मुखपृष्ठावर असते आणि आधीच्या आजाराची मर्यादा आतल्या तक्त्यात, अगदी तुटपुंजी. निघण्याआधी किती दिवस औषधात बदल झालेला चालत नाही? आणि मंडळीची सेवा, त्यातही बांधकामासारखं अंगमेहनतीचं काम, पॉलिसीत बसतं का? व्हिसाचा प्रकार आणि फॉर्मवरचं प्रवासाचं कारण जुळलंच पाहिजे.

औषधबदलाचा मुद्दा तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण तुम्ही ४० युनिट प्रति मिलीची बाटली आणि तिचीच सिरिंज वापरता. बऱ्याच देशांत फक्त १०० युनिट प्रति मिलीचं इन्सुलिन मिळतं. तुमचा रात्रीचा डोस १८ युनिटांचा. ते इन्सुलिन तुमच्या सिरिंजने १८ च्या खुणेपर्यंत ओढलंत, तर अंगात ४५ युनिट जातील, अडीचपट. साखर कोसळून बेशुद्ध पडायला तेवढं पुरे. ‘तिकडे मिळेलच’ यात हा धोका दडलेला आहे. बाटली-सिरिंज सोडून इन्सुलिन भरलेल्या पेनवर जायचं का ते डॉक्टरांना याच महिन्यात विचारा, म्हणजे निघेपर्यंत डोस स्थिरावेल आणि विम्याची अटही पाळली जाईल.

पेनचा हिशेब असा. रात्रीचे १८, जेवणाआधीचे ६-६-६, आणि प्रत्येक वेळी सुई तपासायला २ युनिट: दिवसाला ४४. १५० दिवसांना ६,६००, म्हणजे ३०० युनिटांची २२ पेनं. एक तृतीयांश जादा धरून ३०. सुया ६०० आणि साखर तपासायच्या पट्ट्या ६००, वर थोड्या. मात्र काही देश एक ते तीन महिन्यांपुरतंच औषध आणू देतात. त्या देशाच्या दूतावासाकडून आधी लेखी उत्तर घ्या, आणि उरलेलं तिथल्या डॉक्टरकडून लिहून घ्यावं लागणार असेल, तर तो खर्च आताच धरा. रोजच्या इन्सुलिनचे पैसे प्रवास विमा देत नाही.

सगळं इन्सुलिन हातातल्या बॅगेत, सोबत औषधाच्या मूळ (जेनेरिक) नावासह डॉक्टरचं पत्र. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. न उघडलेलं २ ते ८ अंशांत, उघडलेलं बहुतेक प्रकारांत २८ दिवस. उपवास-प्रार्थनेच्या दिवशी डोस किती, हे डॉक्टरांकडून कागदावर घ्या.

ठेव सबंध मोडू नका. ६२ विम्याला, ४५ च्या आसपास औषधांना, २८ हप्त्याला: १ लाख ३५ हजार. तेवढीच काढा. राहिलेल्यातले २ लाख लगेच हाती येतील असे ठेवा, कारण कित्येक रुग्णालयं आधी अनामत घेतात आणि परतावा नंतर मिळतो. यजमान मंडळी ‘आम्ही सांभाळू’ म्हणते ते मनापासूनच असेल. तरी रात्री दोन वाजता रुग्णालयात सही कोण करणार आणि किती रकमेपर्यंत, हे त्यांच्याकडून तिकीट काढण्याआधी पत्रावर घ्या.