लेझर प्रोजेक्टरच्या जमान्यात ७० एमएमसाठी वाट वाकडी करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "घराजवळच्या मल्टिप्लेक्समध्येही आता ४के लेझर प्रोजेक्टर आलाय. तरी परदेशात लोक ७० एमएम फिल्मवर सिनेमा बघायला दुसऱ्या शहरात जातात. पडद्यावर खरंच काही वेगळं दिसतं, की जुनं ते सोनं म्हणून चाललंय सगळं?"

दिसतं. पण दर वेळी नाही, आणि पोस्टरवर '७० एमएम' छापलंय म्हणून तर अजिबात नाही. मी लंडनला राहतो. इथे फिल्मवर सिनेमा दाखवणारी थिएटरं अजून तग धरून आहेत, त्यामुळे जमेल तेव्हा जातो. माझे मामा दादरच्या एका थिएटरात ऑपरेटर होते, म्हणून केबिनमध्ये काय चालतं याचं कुतूहल लहानपणापासूनचं. पोटापाण्याचा धंदा मात्र संगणकाचा. तेव्हा हे उत्तर हौशी प्रेक्षकाचं समजा.

आधी मापांचं बघू, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. नेहमीची फिल्म ३५ मिलिमीटर रुंद. मोठ्या फॉरमॅटमध्ये कॅमेऱ्यात ६५ मिलिमीटरची निगेटिव्ह असते आणि थिएटरात जाणारी प्रिंट ७० मिलिमीटरची. वरचे पाच मिलिमीटर आवाजाच्या चुंबकीय पट्ट्यांसाठी ठेवले होते. १९५५ मध्ये टॉड-एओ या अमेरिकी कंपनीने ही रीत बसवली. यात फिल्म उभी चालते आणि एका फ्रेमला कडेची पाच भोकं लागतात. आयमॅक्सवाल्यांनी तीच ७० एमएम फिल्म आडवी केली आणि एका फ्रेमला १५ भोकं दिली. फ्रेमचा आकार झाला साधारण ७० बाय ४९ मिलिमीटर. म्हणजे '७० एमएम' म्हणून दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. तिकीट काढताना साइटवर नुसतं 'आयमॅक्स' असेल तर ते हमखास डिजिटल समजा. 'आयमॅक्स ७० एमएम' किंवा '१५/७०' असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

आता ती आडवी फिल्म मशीनमधून जाते कशी, ते ऐकण्यासारखं आहे. मामांच्या ३५ एमएमच्या मशीनमध्ये दातेरी चाक फिल्म एक फ्रेम खाली ओढायचं, थांबवायचं, पुन्हा ओढायचं. सेकंदाला २४ वेळा. 'खटखटखट' हा जो आवाज तो त्याचाच. आयमॅक्सच्या फ्रेमची अशी ओढाताण केली तर भोकं फाटून फिल्मच्या चिंध्या होतील, कारण इथे सेकंदाला जवळपास पावणेदोन मीटर फिल्म पुढे जायची असते. ३५ एमएममध्ये जाते अर्ध्या मीटरहूनही कमी. यावर तोडगा काढला रॉन जोन्स या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने. त्याने फिल्म ओढायचं सोडूनच दिलं आणि तिची लाट केली. मोठ्या फिरत्या चक्राला खाचा असतात, त्या खाचेत फिल्मचा फुगवटा तयार होतो आणि गालिच्याखालची वळकटी पायाने सरकवावी तसा तो गेटवरून, म्हणजे दिव्यासमोरच्या चौकटीवरून, पुढे सरकतो. त्याच्या मागे नवी फ्रेम अलगद जागेवर पडते, पक्क्या खुंट्यांत अडकते आणि व्हॅक्यूमने लेन्सच्या मागच्या काचेला चिकटून बसते. चित्र हलत नाही आणि दिव्याच्या उष्णतेने फिल्मला पोकही येत नाही. हा पोक म्हणजे मोठ्या फ्रेमचा जुना आजार. मधे फोकस लावला की कडा जातात, कडा लावल्या की मधलं जातं. पाच भोकांच्या फॉरमॅटसाठी फिलिप्सने डीपी७० नावाचं मशीन बनवलं होतं, त्याचा गेट मुद्दाम वाकडा ठेवला होता तो याचसाठी.

कॅनडातल्या आयमॅक्स मंडळींनी जोन्सचं पेटंट विकत घेतलं आणि १९७० साली ओसाकाच्या एक्स्पोमध्ये पहिला खेळ लावला. आजही तत्त्व तेच आहे. दिवा १५ किलोवॅटपर्यंतचा झेनॉन, पाण्याने थंड ठेवलेला. आवाज फिल्मवर नसतोच, तो वेगळा चालतो.

वजनाचा अंदाज हवा असेल तर २०२३ चा 'ओपनहायमर' घ्या. तीन तासांचा सिनेमा, १५/७० ची प्रिंट ११ मैल लांब आणि वजन २७० किलोच्या घरात. आडव्या फिरणाऱ्या ज्या थाळ्यांवर ही प्रिंट ठेवतात त्या एवढ्या मापाच्या नव्हत्याच, त्या वाढवून घ्याव्या लागल्या. आख्ख्या जगात ३० पडद्यांवर तो या रूपात लागला. त्यात भारतातला एकही नव्हता. आपल्याकडे तो बघितलेल्या सगळ्यांनी डिजिटलच बघितला, मग हॉलच्या दारावर काहीही लिहिलेलं असो.

मी तो लंडनमधल्या वॉटर्लूच्या बीएफआय (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) आयमॅक्समध्ये बघितला. रस्त्याच्या चौकात मधोमध उभी असलेली गोल काचेची इमारत, १९९९ साली उघडलेली. पडदा २० मीटर उंच, म्हणजे सहामजली बिल्डिंगएवढा. आता 'खरंच काय वेगळं दिसतं' याचं उत्तर. पहिली गोष्ट उंची. या सिनेमाचे काही प्रसंग आयमॅक्स कॅमेऱ्यावर आणि बाकीचे ६५ एमएमच्या पाच भोकांवर घेतलेत. त्यामुळे बराच वेळ पडद्याच्या मधल्या पट्ट्यात चित्र असतं, वर-खाली काळं. मग एका कटवर ते जमिनीपासून छतापर्यंत जातं. आपली मान आपोआप वर होते. पुढच्या कटला पुन्हा पट्टा. पहिला अर्धा तास याचा मला त्रास झाला, खोटं कशाला बोलू. नंतर लक्षातही येईना.

दुसरी गोष्ट काळे-पांढरे प्रसंग. ६५ एमएममध्ये अशी कृष्णधवल फिल्म मिळतच नव्हती, ती कोडॅकने या सिनेमासाठी पहिल्यांदा बनवून दिली. सुनावणीच्या खोलीत माणसं नुसती बसून बोलतात, बाकी काही घडत नाही. पण कॅमेरा जवळ गेला की कपाळावरचा घाम, गालावरची सुरकुती, कोटाच्या कापडाची वीण वेगवेगळी वाचता येते आणि यातलं काहीही टोकदार करून डोळ्यात घुसवल्यासारखं वाटत नाही. मोबाइलवर काढलेल्या फोटोला जी एक कृत्रिम धार येते, तिचा मागमूस नव्हता. फिल्मचे कण दर फ्रेमला वेगळ्या जागी पडतात, त्यामुळे सपाट भिंतसुद्धा अगदी निर्जीव दिसत नाही. हे लिहून पटणार नाही, कल्पना आहे मला.

म्हणून दुसरा अनुभव सांगतो, तो जास्त उपयोगाचा आहे. एका थिएटरात (नाव राहू दे) साध्या, म्हणजे पाच भोकांच्या ७० एमएमचा खेळ चालू होता. मध्यंतराच्या आधी आवाज ओठांच्या मागे पडायला लागला. हल्लीच्या ७० एमएम प्रिंटवर चुंबकीय पट्ट्या नसतात. कडेला नुसती वेळेची खूण छापलेली असते आणि ती वाचून आवाज डिस्कवरून वाजतो. ती खूण वाचणारं यंत्र बिघडलं की ऑपरेटरच्या हातात फारसं काही उरत नाही. दिवे लागले, कोणीतरी येऊन माफी मागितली, बऱ्याच खटपटीनंतर उरलेला सिनेमा डिजिटलवर लावला. काही लोक तावातावाने पैसे परत मागायला गेले. मी बसून राहिलो, कारण तोच सिनेमा, तोच पडदा, तीच खुर्ची अशी तुलना मागून मिळत नाही.

डिजिटलचं चित्र जास्त स्थिर होतं, यात वाद नाही. फिल्मवर पाट्यांची अक्षरं किंचित डुलतात, ती आता खिळल्यासारखी उभी. धूळ नाही, ओरखडा नाही. पण आधी येऊन गेलेली एक खोली पुन्हा आली, तिथली खिडकी फिल्मवर उजळ असूनही तिच्या पडद्याच्या चुण्या दिसत होत्या. आता तिथे नुसता पांढरा चौकोन होता. रात्रीचे प्रसंग काळ्याऐवजी राखाडी झाले. आणि लांबच्या दृश्यात टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या माणसाचा चेहरा मघाशी वाचता येत होता, आता त्याला फक्त चेहरा आहे एवढंच कळत होतं. अर्थात तिथला डिजिटल प्रोजेक्टर जुना, झेनॉन दिव्याचा असावा. चांगल्या लेझरने काळ्याचा प्रश्न बराचसा सोडवलाय. माझ्या शेजारच्या बाईंना यातला काहीच फरक जाणवला नव्हता आणि त्यांचा सिनेमा झकास झाला. हेही नोंदवून ठेवतो.

आता आपल्याकडचं. मराठी माणसाच्या डोक्यात ७० एमएम म्हणजे 'शोले'. १५ ऑगस्ट १९७५ ला लागला आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. पण तो ३५ एमएमवरच चित्रित झाला होता. नंतर फुगवून ७० एमएमच्या प्रिंट काढल्या. कॅमेऱ्याच्या काचेवर खुणा करून ठेवल्या होत्या, म्हणजे वर-खाली कापलं जाईल तेव्हा कोणाचं डोकं जाऊ नये. निगेटिव्हवर जे टिपलंच नाही ते फुगवून येत नाही, त्यामुळे तपशिलाच्या बाबतीत खऱ्या ६५ एमएमशी त्याची बरोबरी नाही. मग मामांच्या पिढीतले लोक मिनर्व्हाबद्दल इतके हळवे का होतात? मला वाटतं, आवाजामुळे. ३५ एमएमच्या एका घोगऱ्या पट्टीची सवय असलेल्या कानांना अचानक सहा चुंबकीय पट्ट्यांचा आवाज मिळाला. नाणं पडल्याचा आवाज ऐकून लोक खुर्चीखाली वाकून बघायचे, असं अजून सांगतात. शिवाय मोठ्या फ्रेममधून उजेड जास्त जातो, तो एवढ्या मोठ्या पडद्याला लागतोच. त्या प्रिंट आता उरलेल्या नाहीत. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने २०२५ मध्ये नीट करून आणलेला 'शोले' ४के डिजिटल आहे, फक्त चित्राचं प्रमाण ७० एमएमचं, २.२ ला १. आणि तो छान आहे.

मुंबईकरांना वडाळ्याचा घुमटाकार आयमॅक्स आठवत असेल, २००१ चा. तिथे खरी १५/७० फिल्म चालायची, पण गोल छतावर, माशाच्या डोळ्यासारख्या लेन्समधून. डोंगर, समुद्र बघायला धमाल, दोन माणसं बोलताना बघायला विचित्र. हैदराबादच्या प्रसादमध्ये २००३ पासून सपाट पडद्यावर फिल्मचा आयमॅक्स होता. तोही पुढे बंद झाला.

आता जरा कडू बोलतो, कारण ७० एमएमच्या नावाखाली हल्ली काहीही खपतं. २०२४ चा 'ड्यून : भाग दोन' डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झाला आणि नंतर त्याच्या १५/७० प्रिंट काढल्या. त्याला स्वतःचा एक मऊपणा येतो आणि तो काहींना आवडतो, पण त्यासाठी विमानाचं तिकीट काढू नका. सिनेमा डिजिटलवर घेतला असेल तर तो उत्तम लेझरवर बघणं हेच शहाणपणाचं. मी स्वतः असा सिनेमा फिल्मवर बघायला जादा पैसे देत नाही. उलट जो ६५ एमएमवर घेतलाय आणि ज्याची प्रिंट निगेटिव्हवरून थेट रासायनिक पद्धतीने काढलीय, त्याच्यासाठी वाट वाकडी करावी. 'ओपनहायमर' तसा होता. आणि वापरून झिजलेली, हिरवी रेघ पडलेली प्रिंट चांगल्या डिजिटलपेक्षा कधीही वाईट. फिल्मचे भक्त हे कबूल करत नाहीत. मामांनी एका मिनिटात केलं असतं. पंधराव्या आठवड्यातल्या प्रिंटला ते 'गाळण' म्हणायचे.

तुम्ही भारतातून येऊन बघणार असाल तर लंडनमध्ये बीएफआय आयमॅक्स आणि सायन्स म्युझियम ही १५/७० ची दोन ठिकाणं. लेस्टर स्क्वेअरजवळचं प्रिन्स चार्ल्स सिनेमा पाच भोकांच्या ७० एमएमसाठी, आणि तिथे जुने सिनेमेही लागतात. ऑस्ट्रेलियात कोणी नातेवाईक असतील तर मेलबर्नच्या म्युझियमचा आयमॅक्स. जागा निवडताना फार पुढे बसू नका. मधल्या रांगेच्या दोनतीन ओळी मागे आणि बरोबर मध्यावर बसा, उंच पडद्याला ते फार महत्त्वाचं. आणि तिकीट आधी काढा. ख्रिस्तोफर नोलनचा 'द ओडिसी' सबंध आयमॅक्स फिल्म कॅमेऱ्यांवर घेतलाय, त्याच्या ७० एमएम खेळांची तिकिटं जुलै २०२५ मध्ये, म्हणजे प्रदर्शनाच्या वर्षभर आधी विक्रीला आली आणि बऱ्याच ठिकाणी बघता बघता संपली. रद्द झालेली तिकिटं खेळाच्या आदल्या एकदोन दिवसांत परत येतात, तेव्हा साइट उघडून बसा. एकेकट्या जागा तशाच मिळतात. जोडीने हव्या असतील तर वीकडेची दुपार बघा.