आजच्या सोलापुरात घडणाऱ्या रोलप्लेइंग खेळात जादू कशी बसवावी?

तुमची अडचण मला नीट कळली. तुमच्या गटाचा टेबलटॉप खेळ, म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन बोलून आणि फासे टाकून खेळायचा, आजच्या सोलापुरात घडतो, पात्रांच्या खिशात मोबाइल आहेत, चौकात कॅमेरे आहेत. अशा जगात जादू आणली की एक तर ती फुसकी ठरते, नाही तर सगळा खेळ गिळून टाकते. मी सोलापूरचाच. दर रविवारी दुपारी दाजी पेठेतल्या एका मित्राच्या घरी आम्ही पाच जण असाच खेळ खेळतो आणि तो मी चालवतो, म्हणजे पात्रांभोवतीचं जग आणि तिथे काय घडतं ते मी सांगतो, त्यामुळे हे सगळं अनुभवून झालंय.

माझं म्हणणं एवढंच आहे: जादू काय काय करू शकते याची यादी मागाहून करा. आधी ठरवा की ती विकता येते का.

हे मला पाण्याने शिकवलं. पहिल्याच रविवारी एक खेळाडू म्हणाला, "माझा मांत्रिक घरची टाकी भरतो." त्याचं काही चुकलं नाही. सोलापूरच्या माणसाला जादू मिळाली तर तो आगीचे गोळे कशाला फेकेल? नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात तो आधी पाणीच आणणार. मी म्हटलं, भरली टाकी. दुसऱ्या रविवारी त्याने गल्लीला घागरीमागे पैसे लावून पाणी दिलं. तिसऱ्या रविवारी आम्ही चार तास टँकरचे भाव, गिऱ्हाइकं आणि नगरसेवकाचा हप्ता यावर बोलत बसलो. गूढ संपलं, भीती संपली, उरला फक्त धंदा. जादू विकता आली की आधुनिक जगात तिचा कारखाना होतो, आणि तो का झाला नाही याचं उत्तर मग तुमच्याकडे नसतं.

म्हणून आमच्याकडे नियम झाला: मोबदला घेतला की जादू होत नाही. पैसा, उपकाराची परतफेड, मत, मानपान, काहीही घेतलं तरी नाही. या एका नियमाने तुमचे निम्मे प्रश्न सुटतात. जादूची कंपनी नाही, मांत्रिकांची पलटण नाही, बरं करणाऱ्यांचं इस्पितळ नाही, त्यामुळे जग आज आहे तसंच दिसतं आणि त्यासाठी एखादी जगव्यापी गुप्त संघटना रचावी लागत नाही.

या नियमामागे दुसरं कारण आहे, आणि माझ्या लेखी तेच मोठं. आपण हा खेळ महाराष्ट्रात खेळतो. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्या व्यक्तीवर करणी केल्याचा आळ घेऊन तिला छळणं, भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणं हे त्या कायद्यात गुन्हे आहेत. हे सगळं आपल्या आसपास घडत आलंय म्हणूनच कायदा करावा लागला. आता विचार करा, तुमच्या खेळात करणी, भानामती खरी असली, तर गावाने जिला चेटकीण म्हणून मारलं तिच्याबाबतीत गावाचं म्हणणं बरोबर होतं असा अर्थ निघतो. असा खेळ मी चालवणार नाही. आमच्याकडे फी घेणारा प्रत्येक बाबा, भगत भोंदूच असतो, अपवाद नाही, आणि खेळाडूंना हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. त्याने थरार कमी होत नाही. उलट खलनायक हातात आयता मिळतो, कारण त्याच्याकडे जादू नसते पण माणसं असतात.

मग खरी जादू कोणती? इथे मी शहराकडे पाहिलं. आमच्यातल्या दोघांच्या घरी पिढ्यान् पिढ्या माग होते. चादरीच्या जेकार्ड मागावर पुठ्ठ्यांची माळ फिरते, तुम्ही पाहिली असेल. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. पुठ्ठ्यात जिथे भोक असतं तिथे सुई आत जाते आणि तो उभा धागा वर उचलला जातो, जिथे भोक नाही तिथे धागा खालीच राहतो. चादरीवरचा मोर म्हणजे मुळात भोकं कुठे पाडली याचा हिशेब. आणि मागावर धागा तुटला की माग थांबवून गाठ मारावी लागते, दुसरा इलाज नाही. त्यावरून आमच्या जादूला मी एकच क्रियापद दिलं: सांधणं. लांबची दोन टोकं ती जोडते, बाकी काही नाही. नव्याने काही निर्माण करत नाही, विष उतरवत नाही, मेलेल्याला उठवत नाही. पाण्याचा प्रश्नही इथे मिटला. तुमची टाकी तुम्ही कुठल्या तरी भरलेल्या टाकीला सांधता, म्हणजे तुमच्याकडे पाणी आलं तेव्हा कुणाची तरी टाकी रिकामी झाली. कुणाची, ते मी पुढच्या रविवारी सांगतो.

गाठ मारायला धागा लागतो आणि तो स्वतःच्या कापडातून काढायचा. प्रत्येक खेळाडूला मी चपलेच्या खोक्यातून कापलेला हातभर पुठ्ठा दिला, त्यावर बारा चौकोन आखले आणि पात्राच्या बारा आठवणी लिहायला सांगितल्या. जादू करायची तर त्यातला एक चौकोन निवडून कागद पंच करायच्या यंत्राने भोक पाडायचं. ती आठवण पात्राकडून कायमची गेली.

एकदा असं झालं. होटगीच्या बाजूला एका वस्तीवर आठ वर्षांच्या पोराला साप चावला होता, भगत त्याला लिंबाखाली बसवून अंगारा लावत होता आणि आईबाप हात जोडून उभे होते. पात्रांनी आधी अर्धा तास वाद घालून आईला पटवलं, ते सगळं बोलण्यावर, त्यात जादू शून्य. मग मोटारसायकलवर पोराला मध्ये घेतलं. सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत तेवढा वेळ नव्हता. ज्याने टाकी भरली होती तोच खेळाडू पुठ्ठा हातात घेऊन बसला. वस्तीचा रस्ता आणि सिव्हिलचं फाटक त्याला सांधायचं होतं. त्याने चौकोन वाचले: शाळेचा पहिला दिवस, विहिरीत पोहायला शिकलो तो उन्हाळा, आजीची हाक. दोन चौकोन आधीच्या खेळातच भोकं पडून गेले होते. तो बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी त्याने आजीच्या हाकेवर पंच ठेवला आणि दाबला. खट्ट. पुठ्ठ्याची चकती चटईवर पडली, ती त्याने उचलून खिशात घातली. पोराला वाचवलं ते सिव्हिलमधल्या लसीनेच, जादूने फक्त रस्ता दिला. पुढच्या रविवारी खेळात आजीने दारातून हाक मारली तेव्हा त्याच्या पात्राने मान वर केली नाही. ते त्याने स्वतःहून केलं, मी सुचवलं नव्हतं.

मंत्र कुठल्या भाषेत, हाही प्रश्न येईल. मोडकं संस्कृत नको, ते कुणाचंच नसतं. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच गल्लीत ऐकू येतात. ज्या भाषेत तुम्हाला लहानपणी झोपवलं, त्या भाषेत सांधा बोलून दाखवायचा. आमच्यातला पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातला, मित्र तेलुगूत बोलतो आणि बाकीच्यांना शब्द कळले नाहीत तरी खोली शांत होते.

फाशांचं थोडक्यात सांगतो. दोन सहा-बाजूंचे फासे टाका आणि बेरीज करा. 36 शक्यतांपैकी 6 वेळा दहा किंवा जास्त येतात, तेव्हा एका भोकात काम होतं. सात ते नऊ 15 वेळा येतात, तेव्हा दोन भोकं. सहा किंवा कमी 15 वेळा, तेव्हा सांधा होतो पण चुकीच्या टोकाला. झोपवायच्या भाषेत मनापासून बोललं तर बेरजेत एक मिळवा, मग निखळ यश 36 पैकी 10 वेळा येतं आणि चूकही 10 वेळाच होते. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा प्रसिद्ध रोलप्लेइंग खेळ 1974 साली आला तेव्हापासून रोजचे ठरावीक मंत्र मोजायची पद्धत रूढ आहे. त्या खेळातल्या भुयारात ती छान चालते, कारण तिथे एका दिवसात पाच संकटं येतात. शहरातल्या गोष्टीत एका दिवशी एखादीच घटना घडते, मग मांत्रिक रोज झोपून उठतो आणि भांडार पुन्हा भरलेलं असतं. आजच्या काळासाठी ती घेऊ नका.

मोबाइल आणि कॅमेरे काढून टाकायचा मोह आवरा. फोन आवाज पोचवतो, नकाशा दाखवतो, ते त्याला करू द्या. जादू चित्रणातही दिसू द्या, फक्त साधी दिसू द्या: फाटकातून एक मोटारसायकल आत आली, एवढंच. वेळ मात्र जुळत नाही. वस्तीजवळच्या पंपावरचा कॅमेरा आणि सिव्हिलचा कॅमेरा यांच्यात दोन मिनिटांचं अंतर. बहुतेक लोक म्हणतील, एका कॅमेऱ्याचं घड्याळ बिघडलंय. एक हवालदार मात्र दोन्ही घड्याळं स्वतः तपासून येतो. आमच्याकडे तो आहे आणि खेळाडू त्याला कुठल्याही बाबापेक्षा जास्त घाबरतात.

एक गोष्ट मी जाणूनबुजून वापरली नाही. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांनी शहराभोवती स्थापलेली 68 लिंगं पाहून कुणालाही वाटेल, ही तर आयती संरक्षक वेस. पण आमच्यातल्या एकाच्या घरची माणसं संक्रांतीला नंदीध्वजामागे चालतात. त्यांच्या श्रद्धेला फाशांचे आकडे लावणं मला पटलं नाही. गड्ड्याची जत्रा, म्हणजे सिद्धरामेश्वरांचीच संक्रांतीची जत्रा, खेळात आहे, पण जत्रा म्हणूनच: गर्दी, होम मैदानावरचं दारूकाम, नेटवर्क गेलेले फोन, हात सुटलेलं एखादं पोर.

जुन्या जागांपैकी मी घेतली ती जुनी मिल, 1877 साली सुरू झालेली. ती बंद पडून पिढ्या गेल्या, पण आमच्या खेळात ज्याच्या पुठ्ठ्यात सहापेक्षा जास्त भोकं झाली त्याला पहाटे तिचा भोंगा ऐकू येतो आणि पाय आपोआप पाळीला निघतात. टाकी भरणाऱ्याच्या पुठ्ठ्यात आता सहा झाली आहेत.