वाचक विचारतात : जवळ चिखल, दूर वाळू

प्रश्न : जड वाळू नदीच्या तोंडाशी बसते आणि हलका गाळ दूर जातो, असं शाळेत शिकलो. पण वर्सोव्याचे ट्रॉलरवाले सांगतात, किनाऱ्याजवळ चिखल लागतो आणि लांब गेलं की वाळू. हे उलटं कसं? – एक वाचक, अंधेरी

उत्तर : ट्रॉलरवाल्यांचं खरं आहे आणि शाळेतला नियमही खरा आहे. 10 मीटर पाण्यात 0.2 मिलिमीटरचा वाळूचा कण आठ-दहा मिनिटांत तळाला जातो, 0.01 मिलिमीटरच्या गाळाच्या कणाला शांत पाण्यातही तीसेक तास लागतात. म्हणूनच उल्हास नदीची बरीचशी रेती वसईच्या खाडीतच अडकते. कोकणातल्या खाड्या म्हणजे समुद्र चढल्यावर बुडालेली नदीपात्रं. तिथे नदीचा वेग पडतो, वर भरतीचं पाणी उलट रेटतं. बाहेर निसटतो तो मुख्यतः गाळ. त्यात नर्मदा-तापीच्या गाळाची भर पडते आणि साधारण 50-60 मीटर खोलीपर्यंतचा तळ चिखलाने झाकला जातो.

मग पलीकडची वाळू आली कुठून? ती आजची नव्हेच. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होती. मुंबईपासून 160 किलोमीटरवरच्या बॉम्बे हायला आज जेमतेम 75 मीटर पाणी आहे, म्हणजे तेव्हा ती जमीन होती! आपल्यासमोरची समुद्रबूड जमीन अडीचशे-तीनशे किलोमीटर रुंद आणि अगदी सपाट. त्यामुळे पाणी एक मीटर चढलं की किनारा सरासरी दोन किलोमीटरहून जास्त मागे सरे. जुन्या किनाऱ्याची वाळू जागीच राहिली, आणि आजचा गाळ तिथवर फारसा पोहोचत नसल्याने ती उघडी आहे.

याचा पुरावा त्या वाळूतच सापडतो. तिच्यात चुन्याचे गोल गुळगुळीत दाणे आहेत. असे दाणे उबदार, लाटांनी सतत ढवळल्या जाणाऱ्या काही मीटर पाण्यातच तयार होतात. आज ते 60 ते 90 मीटर खोलीवर मिळतात.

खंभातच्या आखातापुढचा भाग मात्र वेगळा. तिथली उधाणाची भरती 10 मीटरच्या पुढे जाते. ते पाणी गाळ टिकू देत नाही आणि वाळूचे लांबच लांब, उत्तर-दक्षिण बांध रचतं.

प्रश्न : चौपाटीवरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा किती, हे घरी मोजता येईल? – एक वाचक, गोराई

उत्तर : येईल. वाळू गोड्या पाण्यात तीनदा धुवा, नाहीतर मिठाचं वजन धरलं जाईल. पूर्ण वाळवून 10 ग्रॅम मोजा, काटा 0.1 ग्रॅम दाखवणारा हवा. काचेच्या बरणीत 5 टक्क्यांचं व्हिनेगर 300 मिली घालून दोन दिवस ठेवा. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. मग पुन्हा धुवा, वाळवा, मोजा. घटलेलं वजन म्हणजे शिंपल्यांचा चुरा. फसगत बहुधा व्हिनेगर कमी पडल्याने होते : निव्वळ चुरा असेल तर 10 ग्रॅमलाच 240 मिली लागतं. बुडबुडे थांबले तरी ताजं व्हिनेगर थोडं घालून बघा. पुन्हा फसफसलं तर काम बाकी आहे. उरलेल्या काळ्या दाण्यांवरून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं चुंबक फिरवा. चिकटतील ते बहुतेक सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातले लोहकण. नमुना पावसाळ्यानंतर लगेच घेऊ नका. लाटांनी बारीक वाळू तेव्हा ओढून नेलेली असते. डिसेंबरनंतरचा चांगला.