गिरगावातली पागडीची खोली मेट्रोत गेली. नवी जागा कोणाची?

प्रश्न : गिरगावातल्या चाळीत आमची पागडीची खोली होती, भाडेपावती आईच्या नावावर. मेट्रो-३च्या भुयारी स्थानकासाठी जमीन संपादित झाली, चाळ पाडली. नवी इमारत होईपर्यंत दरमहा भाडं मिळतं, त्यावर आई आणि मी बोरिवलीला राहत होतो. गेल्या वर्षी आई गेली. मी अविवाहित, तिचं आजारपण मीच काढलं. भाऊ बरीच वर्षं पुण्याला असतो. तो म्हणतो, आईने मृत्युपत्रात खोली मला दिली आहे, तू ना हरकत पत्रावर सही कर. करू का?

उत्तर : ताई, सही अजिबात करू नका. एकदा ना हरकत दिली की नंतर ‘मला कळलं नव्हतं’ हे कोर्टात सिद्ध करणं फार जड जातं.

पागडीची खोली म्हणजे मालकी नव्हे, भाडेकरूचा हक्क. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ७(१५) प्रमाणे भाडेकरूच्या मृत्यूनंतर राहत्या जागेचा हा हक्क मृत्यूसमयी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. असं कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो. मुलगा की मुलगी, हा भेद कायद्यात नाही. आणि असा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये पंडित विरुद्ध सबनीस या खटल्यात सांगितलं. तो निकाल जुन्या मुंबई भाडे कायद्यावरचा, पण आजची तरतूद त्याच धर्तीची आहे. इथवर तुमची बाजू भक्कम आहे.

खरी गाठ पुढे आहे. जमीन संपादित झाली, घरमालक बाजूला झाला. मग आईच्या हाती उरलं ते भाडेकरूपण, की नवी जागा मिळण्याचा करारातला हक्क? आईने हयातीत पर्यायी जागेच्या करारावर सही केली होती का, आणि त्यात जागा मालकीहक्काने देऊ असं लिहिलंय का, हे आधी बघा. तसं असेल तर भावाचा वकील म्हणेल की ही आईची मिळकत होती आणि ती मृत्युपत्राने देता येते. हा मुद्दा हलक्यात घेऊ नका. त्याला तुमचं उत्तर असं, की हा हक्क भाडेकरूपणाच्या बदल्यातच मिळाला, तेव्हा तो त्याच वाटेने जायला हवा. मृत्युपत्राची तारीखही पाहा. ते चाळ पाडण्याआधीचं असेल आणि त्यात नुसती ‘खोली’ लिहिली असेल, तर ती खोलीच उरली नाही, असंही मांडता येईल. मृत्युपत्र टिकलं नाही आणि मिळकत आईच्या मालकीची ठरली, तर (वडील हयात नसतील असं धरून) हिंदू वारसा कायद्याने तुम्हा दोघांना निम्मा-निम्मा वाटा.

‘तुम्ही गिरगावात राहतच नव्हता’ असाही आक्षेप येईल. त्याला घाबरू नका. प्रकल्पामुळेच तुम्ही बाहेर पडलात. पण आईसोबत राहण्याचा पुरावा हवा: बोरिवलीचा भाडेकरार, दोघींची नावं असलेलं रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, इस्पितळाच्या कागदावर नातेवाईक म्हणून तुमची सही. चाळीच्या सर्वेक्षणात कुटुंबीय म्हणून तुमचं नाव आलं असेल, तर त्या नोंदीची प्रत माहितीच्या अधिकारात मागवा. मला तो कागद सगळ्यांत मोलाचा वाटतो.

याच आठवड्यात मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनला लेखी हरकत द्या, की वारसाचा वाद मिटेपर्यंत करारात कोणाचंही नाव चढवू नये. पोच घ्यायला विसरू नका. हक्क कोणाचा हे कॉर्पोरेशन ठरवू शकत नाही. भाडेकरूपणाचा वाद धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात जाईल, मालकीचा दिवाणी न्यायालयात. कुठे जायचं ते करार वाचूनच ठरेल.

दावा लावण्याआधी भावाशी एकदा बोला. सहमती झाली तर कोर्टाची गरज नाही, हे भाडे कायद्याच्या कलम ७(१५) मध्येच अभिप्रेत आहे. तो पैशांवर मिटवायला तयार असेल तर जरूर मिटवा; मात्र रक्कम देताना त्याचा हक्कसोड लेख नोंदणीकृतच करून घ्या.