पेटी-तबला रेकॉर्ड करायला आणि ऑनलाइन रियाजाला कोणती मोफत सॉफ्टवेअर वापरावीत?

रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी. २००० सालापासून आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. आधी तबला रेकॉर्ड करा, मग तो हेडफोनवर ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर पेटी. डाउनलोड मात्र त्यांच्या मूळ साइटवरूनच करा.

खरी गोम ऑनलाइन रियाजात आहे. व्हिडिओ कॉलची बहुतेक ॲप्स बोलण्यासाठी बनलेली. तानपुऱ्याचा अखंड सूर त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो सरळ कापतात. मंबल या मोफत ॲपमध्ये हे 'नॉइज सप्रेशन' बंद करता येतं. गुरुजी गाणार, मग तुम्ही, अशा तालमीला तेवढं पुरतं.

एकत्र वाजवायचं असेल तर जॅम्युलस. पण वायफाय नको, राउटरला केबल लावा. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमीत कमी उशिराने आत-बाहेर नेणारं छोटं सॉफ्टवेअर) लागतो. साधारण ३० मिलिसेकंदांपुढे उशीर गेला की लय ओढली जाते. पुणे-मुंबई जमून जाईल. पुणे-न्यू जर्सीचा नाद सोडा: सुमारे १२,५०० किलोमीटर अंतर कापायला फायबरमधल्या प्रकाशालाच ६० मिलिसेकंदांहून जास्त लागतात, तिथे कुठलंही सॉफ्टवेअर काय करणार! तिथल्या तबलजीकडून ठेका रेकॉर्ड करून मागवा नि ऑडॅसिटीत त्यावर वाजवा.