अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडीच्या बापाने, जोसेफ केनेडीने, एवढा पैसा कुठून आणला? दारू स्मगलिंग करून?

नाही भो, स्मगलिंगचा ठोस पुरावा कोणालाच सापडलेला नाही. जोसेफ केनेडीने मेन पैसा काढला शेअर बाजारात, मग हॉलीवूडमध्ये, आणि 1933 ला अमेरिकेतली दारूबंदी उठल्यावर स्कॉच आयात केली ती कायदेशीर. आमच्या जळगावकडचे कापसाचे सटोडिये असतात ना तसाच पक्का माणूस. गंमत म्हणजे 1934 ला तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष रुझवेल्टने त्यालाच एसईसीचा, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या तिकडच्या सेबीचा, पहिला चेअरमन केला, चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या म्हणून लोक बोंबलले पण गड्याने काम चोख केलं. राष्ट्राध्यक्ष खरं तर थोरल्या पोराला करायचं होतं, तो 1944 ला युद्धात मारला गेला मग नंबर जॉनचा लागला आणि त्याच्या निवडणुकीत बापाने पैसा नुसता ओतला.